काच बदलायला गेलो आणि स्लॅब सापडला (इमारतीचं सिम्युलेशन करून डिझाईन ठरवणं)

पडवीतला | रविवार, रात्री १०.२०

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सांगलीत कोल्हापूर रोडच्या बाजूला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेचं काम करतोय. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली ज्यांनी बघितली, ते आता खाली पुस्तकं ठेवत नाहीत. पहिल्या मजल्यावर क्लासच्या खोल्या, दुसऱ्यावर ८० मुलांची अभ्यासिका, त्याच्यावर थेट गच्ची. हॉल ६० फूट बाय ३० फूट. रस्त्याकडची ३० फुटी बाजू नेमकी पश्चिमेची, आणि मालकांना ती वरपासून खालपर्यंत काचेची पाहिजे. "पुण्यात असतंय तसं."

माझा पवित्रा ठरलेला होता. पश्चिमेची काच म्हणजे भट्टी, तेव्हा काच कमी करा, उभ्या पट्ट्या लावा, भारीतली काच घ्या. अकरा वर्षं हेच सांगतोय आणि अकरा वर्षं मालक मान हलवून शेवटी काचच लावतात. या वेळी म्हटलं, वाद घालण्यापेक्षा हिशोब दाखवू. एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल केलं, म्हणजे ती कधी किती तापते याचा कॉम्प्युटरवर हिशोब. अभ्यासिका सकाळी ६ ते रात्री ११ चालू, ८० टेबलं भरलेली, एसी २६ अंशांवर. मग एकेक गोष्ट बदलत गेलो: काच पूर्ण, काच एक तृतीयांश, पट्ट्या, भिंत विटांची, भिंत एएसी ब्लॉकची (हलके, सच्छिद्र सिमेंटचे), स्लॅबवर नुसता कोबा, कोब्याखाली ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारी फोमची शीट), वर पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची). सगळी मिळून नऊ कॉम्बिनेशन.

मला धक्का बसला तो असा. वरच्या मजल्यावर काच एक तृतीयांश केली तर फायदा झाला, पण स्लॅबवर इन्सुलेशन आणि पांढरी मोझॅक घातली तर त्याहून जास्त झाला. वर्षभराच्या विजेत तर दोघांत मोठंच अंतर पडलं. खालच्या क्लासच्या मजल्यावर मात्र चित्र उलटं. तिथं डोक्यावर ऊन नाही, तिथं काचच गुन्हेगार. म्हणजे एकाच इमारतीला, एकाच तोंडाला, मजल्यागणिक वेगळा सल्ला. अकरा वर्षं मी दोन्ही मजल्यांना एकच औषध देत होतो.

एसीवाल्याचा ठोकताळा १०० चौरस फुटाला एक टन. १८०० चौरस फूट, १८ टन. मालकांच्या काचेसकट माझं मॉडेल म्हणालं साडेअकरा-बारा टन. काच आणि स्लॅब दोन्ही सुधारल्यावर साडेसहा.

मालकांना आकडे दाखवले तर म्हणाले, "हे कॉम्प्युटरनं काढलंय, पण खरं कशावरून?" प्रश्न रास्त आहे आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं आलोय. तुमच्यापैकी कुणी डिझाईन ठरवायला सिम्युलेशन वापरता का? कधी वापरता, आणि त्याच्यावर कितपत विसंबता?

---

सरळ_साधा | रविवार, रात्री १०.५१

१८ टन लावा, विषय कट. पोरं अभ्यासाला येतात, स्लॅब बघायला नाही.

---

पडवीतला | रविवार, रात्री ११.०५

१८ टन लावता येईल की. पण लागतंय ६ आणि लावलं १८, तर मशीन दोन मिनिटं चालणार आणि बंद पडणार. खोली गार होते पण दमटपणा निघत नाही, पोरांना चिकचिक होते. शिवाय ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटरचा मंजूर भार, सगळंच वाढतं. ते पैसे स्लॅबवर घातले तर एकदाच घालायचे.

---

कोबा_कारागीर | सोमवार, सकाळी ७.१२

साहेब, तुमचा हिशोब मला कळला न्हाई पण स्लॅब तापतोय हे खरं हाय. संध्याकाळी सात वाजता स्लॅबच्या खालनं हात लावून बघा, तवा असतोय. पंखा चालू केला की वरची गरम हवा खाली.

पण माझा प्रश्न वेगळा. ते एक्सपीएस का काय ते कोब्याच्या खाली घालायचं म्हणताय. वॉटरप्रूफिंग त्याच्या खाली का वर? खाली केलं आणि गळलं तर सगळा कोबा उकरायचा. वर केलं तर शीटच्या जोडात पाणी शिरलं की ते कुठं निघंल सांगता येत न्हाई. तासगावात एका गच्चीवर असलंच काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं, दोन पावसाळ्यात गळायला लागलं आणि शिव्या खायला मी. मालक म्हणतो गॅरंटी द्या. मी कशाची गॅरंटी देऊ, कोब्याची देतो, कॉम्प्युटरची न्हाई.

---

अजिंक्यतारा_उतार | सोमवार, सकाळी ९.४०

पडवीतला, मी साताऱ्याचा. सरकारी बांधकामात ३४ वर्षं काढून निवृत्त. आमच्या काळी हे सगळं कागदावर करत होतो, आणि मालकांच्या "खरं कशावरून" ला अजून तेच सर्वात चांगलं उत्तर आहे. तुमचेच आकडे घेऊन करून दाखवतो, कॅल्क्युलेटरही लागणार नाही.

हॉल १६७ चौरस मीटर. स्लॅब १५० मिमी आणि वर कोबा, यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत जाते ते) अडीचच्या आसपास. वर ऊन खाल्लेला थर आणि आत २६ अंश, स्लॅबचं जडत्व लक्षात घेऊन फरक २८ धरतो. १६७ गुणिले २.५ गुणिले २८, साधारण पावणेबारा किलोवॅट. काच चौकटी वजा जाता २३ चौरस मीटर. एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरा, साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. ११ किलोवॅट, शिवाय काचेतून नुसत्या गरम हवेचं एक-दीड. म्हणजे १२. मुलं ८०, प्रत्येकी ११५ वॅट, नऊ. मुलांना लागणारी ताजी हवा, माणशी सेकंदाला ५ लिटर धरली तर बाहेरच्या ३९ अंशांवरून २६ वर आणायला सहा. दिवे-लॅपटॉप दोन. भिंती तीन.

बेरीज ४४ ते ४५ किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. साडेबारा टन. तुमचं मॉडेल बारा म्हणतं. जुळलं.

आता माझा प्रश्न. अर्ध्या पानावर जुळतंय, तर आठवडाभर कॉम्प्युटरपुढं बसायचं कशाला?

---

गच्चीवरची_तुळस | सोमवार, सकाळी १०.०२

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी विज्ञान सोडलं नसतं.

---

उष्मा_नापास | सोमवार, दुपारी १.३०

मूळचा वाळवा तालुक्यातला, सध्या पुण्यात हेच काम करून पोट भरतो. उताराकाकांना दंडवत. हाताचा हिशोब न करता मॉडेलवर विश्वास ठेवणाऱ्यांना मी ऑफिसात उभं करत नाही.

पण काका, तुमची बेरीज मॉडेलपेक्षा थोडी जास्त आली, ते चुकून नाही. तुम्ही सगळ्यांची शिखरं एकत्र मिळवलीत. ती एका वेळी येत नाहीत. पश्चिमेची काच साडेचार-पाचला ऐन भरात असते. स्लॅबवर दुपारी एकला पडलेलं ऊन कोबा आणि काँक्रीट पार करून खाली यायला सात-आठ तास घेतं. म्हणजे स्लॅबचा तडाखा रात्री आठला. तोवर काचेतून शून्य, बाहेरही ३२-३३ झालेलं. आठला बेरीज केली तर वेगळी, पाचला केली तर वेगळी. मॉडेल ही बेरीज वर्षाच्या ८७६० तासांची, प्रत्येक तासाला वेगळी करतं.

शाळेच्या वर्गखोल्या असत्या, पाचला कुलूप लागलं असतं, तर रात्री आठच्या स्लॅबची कुणाला पडली असती? तिथं काचच आधी बघा असं मीही म्हटलं असतं. अभ्यासिका रात्री ११ पर्यंत चालते आणि संध्याकाळी सात ते दहा गर्दी जास्त, म्हणून स्लॅब जिंकला. हे अर्ध्या पानात दिसत नाही. कोण, कधी, किती वेळ बसणार हे बदललं की उत्तर बदलतं.

कोबा_कारागीर, तुमची भीती खोटी नाही. पद्धत अशी करा: स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्याची पाणी तुंबवून चाचणी, मग शीट, मग उताराचा कोबा, वर मोझॅक. जलरोधक थर शीटच्या खाली गेला की ऊन-पावसाच्या ताणाताणीतून तोच वाचतो. उलट स्लॅबच्या खालून, छताला इन्सुलेशन लावलं तर स्लॅब उघडा तापत-आकसत राहतो आणि भेगा तिथंच पडतात. एक्सपीएस पाणी फारसं पीत नाही, थर्माकोल पितं. तिथं पैसे वाचवू नका.

---

कोबा_कारागीर | सोमवार, रात्री ९.३३

पाणी तुंबवून बघायचं हे पटलं. आठ दिवस तुंबवणार, मालकांनी घाई करायची न्हाई. आधी लिहून द्या.

---

पडवीतला | सोमवार, रात्री ९.५८

नापासभाऊ, "८७६० तास" ही गोष्ट मालकांना मी उद्या अशीच सांगणार.

एक अडचण पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली. हवामानाची फाईल. इशरे म्हणजे एसी-वातानुकूलनवाल्या इंजिनिअरांची संस्था, तिच्या जुन्या संचात पुणे आहे, सोलापूर आहे, बेळगाव आहे, रत्नागिरीसुद्धा आहे. सांगली नाही. आता सांगली नक्की कुणाची? आमचा जत-आटपाडीकडचा भाग सोलापूरचा सख्खा भाऊ, आणि शिराळा कोकणाला चिकटलेला. सांगली शहर मधोमध, दोन्हीकडून नातेवाईक.

शेवटी सोलापूर आणि बेळगाव अशा दोन्ही फायली घालून नऊच्या नऊ पर्याय दोनदा चालवले. आकडे बदलले, सोलापूरच्या फाईलनं एसीची वीज बरीच वाढली. पण पर्यायांचा क्रम हलला नाही. पहिला तो पहिला, नववा तो नववा. तेव्हा कुठं मला धीर आला.

एकच गोष्ट उलटीपालटी झाली, ती कूलरची. सोलापूरच्या हवेत कूलर झकास चालतो, बेळगावच्या हवेत नुसता दमट वारा. आणि आपल्याकडं मे महिन्यात वळीव झाला की दुसऱ्या दिवशी कूलर कसा वागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कूलर कागदावरून काढला.

---

माणदेशी_मेंढका | मंगळवार, सकाळी ६.४५

आमच्याकडं अजून माळवदाची घरं हायत. लाकडावर पांढरी माती, हातभर जाडी. उन्हाळ्यात दुपारी आत गेलं की बाहेर यावंसं वाटत न्हाई. तुमच्या यू-मूल्यात आमचं माळवद पास होतं का?

---

उष्मा_नापास | मंगळवार, सकाळी ११.१५

कळीचा प्रश्न विचारलात. नुसत्या यू-मूल्यावर माळवद बहुतेक नापास होईल. बीईईच्या (केंद्राचा ऊर्जा बचतीचा विभाग) इको-निवास संहितेत, २०१८ च्या, घराच्या छताचं यू-मूल्य जास्तीत जास्त १.२ असावं असं आहे. मातीचं छत दीडच्या आसपास जाईल. कोबा घातलेला काँक्रीटचा स्लॅब अडीचला, म्हणजे तोही नापासच, माळवदापेक्षा वाईट.

पण यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर तापमान स्थिर असताना किती उष्णता जाते, एवढंच. माळवदाची खरी करामत उशिराची आहे. हातभर माती दुपारचं ऊन मध्यरात्रीनंतर खाली सोडते, आणि तेही अगदी दमलेलं. तोवर माणसं अंगणात बाज टाकून झोपलेली. सकाळी आत येतात तेव्हा छत परत गार. माणदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घराचं वेळापत्रक छताच्या वेळापत्रकाशी जुळवून राहिली. हे कोणत्याही एका आकड्यात मावत नाही, तासातासाच्या मॉडेलमध्ये मात्र लख्ख दिसतं. मी एकदा हौसेनं करून बघितलं होतं. दुपारी तीनला माळवद आणि उघडा स्लॅब यांच्यात जो फरक दिसला, तो बघून माझ्या स्वतःच्या फ्लॅटची लाज वाटली.

फक्त, अंगणात झोपायचं बंद केलं, दारं-खिडक्या लावून आतच झोपलात, तर तेच माळवद रात्री त्रास देतं.

---

गच्चीवरची_तुळस | मंगळवार, दुपारी ४.२०

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. वरच्या मजल्यावरची आमची झोपायची खोली, एक भिंत पश्चिमेला, एक दक्षिणेला, दोन्हीकडं चार-चार फूट उंच खिडक्या. एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत आत पाऊल ठेववत नाही. यवतेश्वरच्या बाजूनं वारा सुटतो तेव्हा आम्ही आधीच हैराण झालेलो असतो. एसी नकोय. सिम्युलेशन वगैरे आमच्यासारख्यांना परवडणार नाही. यातलं काय आधी करू? जाड पडदे घेतले आहेत, उपयोग शून्य.

---

पडवीतला | मंगळवार, रात्री ८.४०

ताई, एका खोलीसाठी सिम्युलेशन नको. सूर्य कुठून येतो एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या १० तारखेच्या आसपास येतो आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे मे महिन्यात दुपारी सूर्य थेट गच्चीवर, दक्षिणेच्या खिडकीत जवळजवळ नाहीच. डिसेंबरात दुपारचा सूर्य फक्त ४९ अंश उंच, दक्षिणेकडून तिरका. दोन फुटी छज्जा असेल तर डिसेंबरात त्याची सावली सव्वादोन फूट खाली येते, चार फुटी खिडकीचा खालचा जवळजवळ अर्धा भाग उन्हात राहतो. थंडीत तेवढं ऊन साताऱ्यात हवंच असतं. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा असेल तर तिला हात लावू नका.

पश्चिमेला छज्जाचा उपयोग नाही, चारनंतर सूर्य छज्जाच्या खालून आत येतो. मेमध्ये तो सरळ पश्चिमेला नाही तर तिथून १८ अंश उत्तरेकडं सरकून मावळतो. तिथं बाहेरून आडोसा हवा: बांबूची चिक, जाळी, वेल, काहीही. पडद्याचं काय होतं, ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा फक्त ते झेलून स्वतः तापतो आणि खोलीतच सोडतो. चिक बाहेर बांधा, पडदा जाड असो नसो.

पण सगळ्यात आधी गच्ची. पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, उन्हाळ्यापूर्वी. नवा असताना तो बहुतेक ऊन परत पाठवतो, धूळ बसली की कमी होतो, म्हणून दर वर्षी गच्ची धुवायची आणि दोन-तीन वर्षांनी परत हात मारायचा.

---

अजिंक्यतारा_उतार | मंगळवार, रात्री ९.१५

आणि रात्री खिडक्या उघड्या.

---

गच्चीवरची_तुळस | मंगळवार, रात्री ९.२२

काका, डास.

---

उष्मा_नापास | मंगळवार, रात्री १०.४०

:-) या एका शब्दानं माझी कितीतरी मॉडेलं पाडली आहेत.

ताई, जाळी लावा, पण जाळीनं वारा बराच अडतो हे धरून चाला. छताचा पंखा ठेवा. अंगावर सेकंदाला मीटरभर वारा लागला की अडीच-तीन अंश जास्त तापमान सहन होतं. एसी नसलेल्या इमारतींसाठी भारतात जे आरामाचं सूत्र वापरतात, इमॅक, ते असं: गेल्या काही दिवसांचं बाहेरचं सरासरी तापमान गुणिले ०.५४, अधिक १२.८३. सरासरी ३१ असेल तर साडेएकोणतीस. त्याच्या वर-खाली २.३८ अंशांत बहुतेकांना ठीक वाटतं. म्हणजे ३२ पर्यंत आपल्याकडची माणसं कुरकुर न करता राहतात. २४ वर एसी लावून बसायची गरज शरीराची नसते.

---

आर्क_चौथं_वर्ष | बुधवार, दुपारी १२.०५

सर, नमस्कार. मी कॉलेजात शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे. थीसिसमध्ये सिम्युलेशन दाखवायचंय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? आमच्याकडं सगळे रंगीत चित्रं काढून लावतात, लाल-पिवळी-निळी. ज्युरी खूश होतात. पण विचारलं की कुणालाच काही सांगता येत नाही.

---

पडवीतला | बुधवार, दुपारी २.५०

तुझं शेवटचं वाक्य थीसिसच्या पहिल्या पानावर छाप.

एनर्जीप्लस फुकट आहे, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं, २००१ पासून. त्याला स्वतःचा चेहरा नाही, नुसती मजकुराची फाईल खातं आणि आकडे ओकतं. चेहरा म्हणून ओपनस्टुडिओ घे, तेही फुकट. रायनो-ग्रासहॉपर (थ्रीडी मॉडेलिंगचं) येत असेल तर त्याला जोडायची लेडीबग आणि हनीबी, ती दोन्ही फुकट पण रायनो विकतचं. उजेडासाठी रेडियन्स. डिझाईनबिल्डर सोयीचं, पण पैसे पडतात. पहिल्या आठवड्यात मात्र यातलं काहीच उघडू नकोस. क्लायमेट कन्सल्टंटमध्ये तुझ्या गावाजवळची हवामानाची फाईल घाल आणि वर्षभराचं ऊन-वारा नुसतं बघत बस.

आणि पहिलं मॉडेल एका खोलीचं, शूबॉक्स. चार भिंती, एक खिडकी, एक छत. प्लॅनमधला प्रत्येक कोपरा मॉडेलमध्ये काढत बसलीस तर डिझाईन ठरून जाईल आणि मग तू फक्त ठरलेल्या गोष्टीचं समर्थन करत बसशील. माझं हेच व्हायचं. इमारत पूर्ण काढून झाली, मंजुरीला गेली, आणि मग "जरा सिम्युलेशन करून देता का". तेव्हा काय बदलणार? काचेचा रंग.

---

उष्मा_नापास | बुधवार, दुपारी ३.३०

पडवीतला +१. माझ्याकडं येणारी निम्मी कामं अशीच, मंजुरीनंतरची. वऱ्हाड दारात आल्यावर पत्रिका जुळवणं.

आणि बाळ, प्रत्येक इनपुट कुठून आलं ते लिहून ठेव. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किती माणसं, किती वाजता, खिडकी कधी उघडते, हवा फटीतून किती शिरते. सॉफ्टवेअर या सगळ्याला स्वतःच्या मनानं आकडे घालून ठेवतं, आणि ते आकडे परदेशातल्या ऑफिसांचे असतात. तुझ्या मॉडेलमध्ये नकळत कुणीतरी कोट घालून कीबोर्ड बडवत बसलेलं असतं.

---

अजिंक्यतारा_उतार | बुधवार, सायंकाळी ६.१०

पडवीतला, मॉडेल आणि प्रत्यक्ष मोजमाप कधी ताडून बघितलंत का? मला आता उत्सुकता आहे.

---

पडवीतला | बुधवार, रात्री ११.३०

बघितलं, आणि तोंडावर आपटलो.

शहरातल्या एका चालू अभ्यासिकेत, साधारण याच आकाराची, वरच्या मजल्यावरची, नुसत्या पंख्यांची, मालकाची परवानगी काढून मेमध्ये दोन तापमान लॉगर आठवडाभर ठेवले होते. माझं मॉडेल दुपारी जास्तीत जास्त ३४.८ म्हणत होतं. लॉगरवर ३६.६.

आधी स्लॅबचे गुणधर्म तपासले, रंग तपासला, काही सापडेना. मग एक दिवस दुपारी स्वतः जाऊन बसलो. मी मॉडेलमध्ये आठही खिडक्या उघड्या धरल्या होत्या. उघड्या होत्या दोन. का? खिडकी उघडली की पंख्याचा आणि बाहेरचा वारा मिळून टेस्ट सिरीजची पानं उडतात. पोरांनी सरळ लावून टाकल्या. एक्झॉस्ट पंखा होता, तो आवाज करतो म्हणून बंद. थंडीत गेलो असतो तर तिसरं कारण मिळालं असतं: कारखाने सुरू झाले की उसाच्या पाचटाची काजळी येऊन वहीवर पडते.

मॉडेलमध्ये दोनच खिडक्या उघड्या ठेवल्या तर ३६.३ आलं. स्लॅब बरोबर होता, माणसं चुकली होती.

त्यानंतर नव्या इमारतीचं डिझाईन बदललं. खालची तावदानं बंदच, उजेडापुरती. वारा टेबलाच्या वरून, सात फुटांवरच्या झडपांतून. म्हणजे पानं उडणार नाहीत, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी एसी बंद ठेवून तेवढ्यावर भागेल. ही कल्पना सॉफ्टवेअरनं दिली नाही, चूक कुठं आहे ते हुडकताना मिळाली.

---

सरळ_साधा | गुरुवार, सकाळी ८.००

मान्य. १८ टन मागे घेतो.

---

माणदेशी_मेंढका | गुरुवार, सकाळी ८.४५

अवांतर: हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी बघितली असतील त्यांनी सांगावं, जमिनीखाली वर्षभर एकसारखा गारवा. तिथंच अभ्यासिका काढा.

---

कोबा_कारागीर | गुरुवार, सकाळी ८.५२

मेंढकाराव, पुराचं पाणी आलं की पोरं पोहायची परीक्षा देतील.

---

आर्क_चौथं_वर्ष | गुरुवार, दुपारी १.१५

वाचनखूण साठवली. सर, एक शंका राहिली. असं करायचं हे नियमात बंधनकारक नाही का?

---

उष्मा_नापास | गुरुवार, दुपारी २.०५

ईसीबीसी, म्हणजे इमारतींसाठीची ऊर्जा बचतीची संहिता, आली २००७ ला, सुधारली २०१७ ला. २०१७ ची ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी. २०१८ ची इको-निवास संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांसाठी. पडवीतलांची अभ्यासिका आणि तुळसताईंचं घर, दोन्ही या चाळणीतून खाली पडतात. सांगली-साताऱ्यात बांधलं जाणारं बहुतेक सगळं असंच लहान आहे, आणि मला विचाराल तर खरं काम तिथंच आहे. इथं कुणी सक्ती करणार नाही. मालकाला पटलं तरच होणार.

---

पडवीतला | रविवार, रात्री ९.४५

अपडेट देतो.

मालकांकडं गेलो. ८७६० तास सांगितले, उताराकाकांचं अर्धं पान स्वतःच्या अक्षरात लिहून नेलं होतं. लॅपटॉपपेक्षा ते अर्धं पान त्यांनी जास्त वेळ बघितलं. दोन्ही सुधारल्यावर उरलेल्या २२-२३ किलोवॅटांत १५ तर मुलांचे आणि त्यांच्या श्वासाचे, हे वाचून म्हणाले, "पोरं तर कमी करता येणार नाहीत. मग राहिलं स्लॅबचंच." स्लॅब मंजूर. एक्सपीएस, कोबा, पांढरी मोझॅक. एसी सात टनांचा, दोन भागांत, म्हणजे सकाळी थोडी मुलं असताना एकच चालवायचा.

काचेवर मात्र अडून बसले. अर्धा तास झाला, चहा झाला, मी उठायच्या बेतात. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, निकाल लागल्यावर फ्लेक्स कुठं लावायचा?"

शांतता. त्यांच्या जुन्या क्लासच्या काचेवर वर्षाचे दहा महिने यशस्वी विद्यार्थ्यांचा फ्लेक्स असतो. काच कुणाला दिसतच नाही, आत दिवसा ट्यूब लावून बसतात. पाच मिनिटांत काच एक तृतीयांशावर आली आणि उरलेल्या भिंतीवर फ्लेक्सची कायमची चौकट ठरली.

मी चौकट भिंतीपासून फूटभर पुढं काढलीय, वरून-खालून हवा खेळती राहील अशी. आज मॉडेलमध्ये घालून बघितलं. फ्लेक्समागच्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन पडतच नाही. फक्त आता वेळापत्रकात "निकाल लागला नाही तर" असा एक पर्याय घालावा लागणार.

---

अजिंक्यतारा_उतार | रविवार, रात्री १०.१०

चौकटीला वाऱ्याचा जोर धरा. वळवाच्या वादळात फ्लेक्स म्हणजे शीड होतं. भिंतीतले बोल्ट मला दाखवल्याशिवाय ठोकू नका.

---

कोबा_कारागीर | सोमवार, सकाळी ७.०५

साहेब, ते काम मलाच मिळालंय, काल मालकांचा फोन आलता. दोन गोष्टी. शीट दोन इंच, कोबा उताराला धरून चार-पाच इंच, मोझॅक वेगळी. म्हणजे गच्ची सात-साडेसात इंच वर येणार. तुमच्या नकाशात जिन्याच्या हेडरूमचं दार स्लॅबबरोबर दाखवलंय. पहिल्याच पावसात पाणी जिन्यातनं खाली अभ्यासिकेत. उंबरा वर घ्या, आत एक पायरी वाढवा, आणि कठडा पण तेवढाच उंच करा, पोरं गच्चीवर जाणारच. सुधारलेला नकाशा बुधवारपतोर पाठवा, सेंट्रिंगवाला गुरुवारी येतोय.